पाण्यामागची मुंडी

मालनबाईनं वच्छलाबाईची उजवी पापणी अंगठ्यानं वर धरली आणि औषधाची बाटली दाबली. पण ऐन वेळी वच्छलाबाईनं मान फिरवली आणि थेंब डोळ्यात पडायच्या ऐवजी गालावरून कानाकडे ओघळला.

"हलू नका की अक्का. कसं घालू मी?"

वच्छलाबाईनं मान पुन्हा सरळ केली. दुसरा थेंब बरोबर पडला, गार आणि झोंबरा. मालननं पदराच्या टोकानं तिचा गाल टिपला, डोळा मिटून पडून राहायला सांगितलं आणि बाटली देवळीत ठेवली. बीडच्या शिबिरात मोतीबिंदू काढून आणल्यापासून हे असंच चाललं होतं. वच्छलाबाईची लेक चकलांब्याला नांदत होती, नवरा आश्रुबा कधीच मागं सोडून गेला होता. घरात दुसरं होतं कोण? मालन सकाळ-संध्याकाळ यायची, थेंब घालायची, भाकरी टाकून ठेवायची. धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, उन्हात निघायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं, आणि मालन त्या डॉक्टरपेक्षा कडक होती.

"सकाळी कुठं गेलतीस?" वच्छलाबाईनं डोळे मिटूनच विचारलं.

"कुठं जाणार? शेण काढलं, म्हशीला पाणी दाखवलं आन् आले तुमच्याकडं."

शेणाचा वास वच्छलाबाईला जन्मापासून ठाऊक होता. मालनच्या बोटांना येत होता तो शेणाचा नव्हता. थोडा कापरासारखा, थोडा कडवट, नाकाच्या शेंड्याला चिकटून बसणारा तो वास मुंडीचा होता. साबण लावा, राख लावा, हातावरून तो दोन दिवस हलत नाही.

मालन गेली. वच्छलाबाई बाजेवर तशीच पडून राहिली, तो वास नाकात धरून. तळ्यातला गाळ उपसून नेल्यापासून गावात कुठंही मुंडी उगवलेली कुणी पाहिली नव्हती.

आता ज्यांनी मुंडी पाहिली नाही त्यांना वाटेल, एवढं काय आहे त्या फुलात? खरं तर बघणाऱ्याला ते फूल वाटतही नाही. वीतभर उंचीचं, जमिनीला धरून पसरणारं झुडूप, करवती पानं, अंगभर चिकट लव आणि फांदीच्या टोकाला बोराएवढा जांभळट गुलाबी गोंडा. पाकळी म्हणून नाही. एकदा कृषी महाविद्यालयातली एक पोरगी भिंग घेऊन आली होती. तिनं गोंडा फोडून दाखवला आणि सांगितलं, की हे एक फूल नव्हेच, शेकडो बारीक फुलांचा जुडगा आहे; शेवंती, सूर्यफूल, माका ह्यांच्याच कुळातलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. कुठं लग्नातली शेवंती आणि कुठं ही मुंडी, जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही! वच्छलाबाई मात्र हसली नव्हती. आपल्या मुंडीला कूळ आहे हे ऐकून तिला फार बरं वाटलं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस नेकनूरच्या बाजारात जो भेटेल त्याला ती ते सांगत सुटली होती.

मुंडी वाटेल तिथं येत नाही. तिला ओल हवी, पण उभं पाणी चालत नाही. गाळ हवा, पण तोही वरवरचा, दरसाल पाण्यानं आणून पसरलेला. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. ओढा जिथून तळ्यात शिरतो त्या बाजूचा काठ उथळ. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं, की तिथला काळा गाळ उघडा पडायचा, आणि पाणी जसजसं मागं सरायचं तसतशी मुंडी त्याच्या मागं मागं खाली उतरायची. पौषात तो सगळा काठ जांभळा दिसायचा. तळ्याच्या मधल्या खोलात ती कधीच येत नसे, फक्त ह्या काठाला. म्हणून बायका म्हणायच्या, मुंडी पाण्यामागं येते. पाणीच तिला आणतं आणि जाताना मागं ठेवून जातं, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. बी त्या गाळातच पडून असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार तरी कसं? मुंडी कधी कुणी पेरलीच नव्हती.

त्या काठाच्या गाळावर वच्छलाबाईनं बायकांची संस्था उभी केली होती. बुद्धवाड्यातल्या आणि गावातल्या मिळून नऊ जणी, सगळ्या बिनजमिनीच्या नाहीतर असून नसल्यासारख्या जमिनीच्या. रीतसर सहकारी संस्था, वच्छलाबाई अध्यक्ष, मालनबाई सचिव. तळ्याची ती उघडी पडणारी जमीन दर साली संस्थेला कसायला मिळायची. बायका गोंडे खुडायच्या, सावलीत वाळवायच्या आणि बीडच्या औषधवाल्या व्यापाऱ्याला द्यायच्या. त्यातनं कुणाचे माडीबंगले झाले नाहीत. पण त्या नऊ जणी ऊसतोडीला जायच्या बंद झाल्या. ज्या बाईनं हातात कोयता घेऊन अर्धं वर्ष परमुलखात काढलंय तिलाच कळेल, आपल्या दारात बसून पोटाला मिळणं म्हणजे काय असतं.

मालन तिला भेटली तीही उसाच्या फडातच. कारखान्यावरच्या कोपीत, उसाच्या पाल्याच्या खोपटात, मालनचं पहिलं बाळंतपण वच्छलाबाईनं केलं होतं, बाहेर पाचट पेटलेलं आणि आत ही पोरगी दात खाऊन कण्हतेय. तेव्हापासून मालन तिला अक्का म्हणायची. गावात परतल्यावर बुद्धवाड्यात येऊन ती वच्छलाबाईच्या माठातलं पाणी आपल्या हातानं घ्यायची. सासू उंबऱ्यावर उभी राहून वाट्टेल ते बोलली तरी मालननं ते सोडलं नाही. गावातल्या एका बाईनं असं येऊन बसावं, ह्याचं वच्छलाबाईला किती अप्रूप होतं ते तिचं तिलाच माहीत. सख्ख्या बहिणीवर टाकला नसता एवढा विश्वास तिनं मालनवर टाकला होता.

मग तो दुष्काळ आला. सलग तिसरं वर्ष कोरडं गेलं तेव्हा तळ्याला भेगा पडल्या. माणसं टँकरच्या मागं आणि जनावरं छावणीला, अशी गावाची दशा. त्याच उन्हाळ्यात गावच्या दूध संघाचे चेअरमन आबासाहेब यांनी मशीन आणलं. तळं खोल करू, गाळ ज्याला पाहिजे त्यानं आपल्या रानात न्यावा. बोलणं काही वावगं नव्हतं. अख्खं गाव खूश झालं, कोण नाही म्हणेल? संस्थेच्या बायकांनी एवढंच मागितलं, की ओढ्याकडचा आमचा काठ तेवढा सोडा. ग्रामसभेनं ते मान्य केलं. आबासाहेबांनी सगळ्यांदेखत हात जोडले आणि म्हणाले, बायांच्या पोटावर पाय द्यायला मी काय कसाई हाय का? बायकांनी त्यांचे जोडलेले हात ह्याआधीही पाहिले होते. म्हणून त्यांनी काठाला चुना मारलेले दगड लावले आणि पाळी लावून एकेक जण रोज तिथं राखणीला बसायला लागली.

वच्छलाबाईची लेक त्याच दिवसांत अडली. ती चकलांब्याला धावली, नातवाचं तोंड बघून चार दिवसांनी परतली, आणि मांजरसुंब्याच्या गाडीतून उतरून तशीच, पिशवी खांद्याला, तळ्यावर गेली. त्यांचा काठ जागेवर नव्हता. चुन्याचे दगड एका बाजूला ढकललेले आणि जिथं कमरेएवढा काळा गाळ होता तिथं पांढरा मुरूम. आबासाहेबांना जाब विचारायला गेली तर ते म्हणाले, तुमच्याच बायांनी वाट दिली, मला काय इचारता?

त्या दिवशीची पाळी बायनाबाईची होती. बायना म्हणजे वच्छलाबाईची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण; दोघी एकाच साली ह्या वाड्यात नव्या नवऱ्या म्हणून आलेल्या. आणि तिचा पोरगा सिदू गाळाच्या एका ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. आणखी काय पाहिजे? संस्थेच्या बैठकीत मालन ढसाढसा रडली, इतकी की तिला पाणी पाजावं लागलं. वच्छलाबाईच्या तोंडाला मात्र आग लागली होती. पोराच्या ट्रॅक्टरपायी तू आमचं तळं इकलंस, असं ती सगळ्यांसमोर बायनाला बोलली. बायना काहीच बोलली नाही. उठली, लुगडं झटकलं आणि निघून गेली. न बोलणं म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. भिंतीपलीकडं तिचा खोकला ऐकू यायचा, तिचं जातं ऐकू यायचं, पण त्या दिवसानंतर दोघींमध्ये शब्द म्हणून नव्हता.

पुढं पाऊस आला, तळं काठोकाठ भरलं. त्या हिवाळ्यात पाणी उतरलंच नाही, म्हणून बायकांनी धीर धरला. यंदा उतरलं. खालून निघाला तो उघडा मुरूम, त्यावर एक हिरवी काडी नाही. मार्गशीर्ष सरला, पौष लागला, बायका रोज जाऊन बघून यायच्या आणि मान खाली घालून परत यायच्या. येत्या रविवारी बैठक होती. संस्था ठेवायची की मोडायची ते ठरणार होतं. मोडली, की काठावरचा हक्क सुटला आणि नऊ जणींच्या हाती पुन्हा कोयता आला.

आणि अशात मालनच्या बोटांना मुंडीचा वास.

वच्छलाबाईनं दिवसभर मनाची समजूत घालून पाहिली. असेल एखादं रोपटं ओढ्याला. असेल जुन्या वाळवणाचं पोतं कुठं उरलेलं. पण वास ओल्या मुंडीचा होता आणि मालननं विचारल्यावर शेणाचं नाव घेतलं होतं. संध्याकाळी मालन पुन्हा आली, पुन्हा थेंब घातले. ह्या खेपेला तिच्या हाताला साबणाचा वास होता, आणि साबणाच्या खाली तोच वास.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वच्छलाबाईनं शिबिरात मिळालेला काळा चष्मा लावला, डोक्यावरून पदर घट्ट ओढला आणि बाहेर पडली. मालनचं रान माळाला होतं. तिचा नवरा शहादेव आणि ती मिळून दीड एकर मुरमाड कसत होती, कसत कसली, त्या दगडांशी झगडत होती. पण गाळ आल्यापासून तिथं हरभरा उभा राहायला लागला होता. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. गावात गाळ सगळ्यांनीच नेला होता, तळ्याच्या मधल्या खोलातला.

मालन हरभऱ्याच्या सऱ्यांमध्ये उकिडवी बसली होती. तिची पाठ वाटेकडं होती. एका हातानं ती रोप धरायची, दुसऱ्या हातातल्या खुरप्यानं मुळासकट उचकायची आणि शेजारच्या पोत्यात कोंबायची. बांधावर उभ्या वच्छलाबाईनं चष्मा काढला. सगळ्या रानभर, हरभऱ्याच्या बुडाबुडाला, मुंडी उगवली होती. काही रोपांना गोंडे धरले होते. काळ्या मातीवरचा तो जांभळा रंग तिच्या नव्या डोळ्याला इतका लख्ख दिसला की तिला क्षणभर आनंदच झाला, आणि त्याच आनंदाची तिला पुढच्या क्षणी चीड आली. मधल्या खोलातल्या गाळात मुंडी कुठून येणार? हा गाळ त्यांच्या काठाचा होता.

"कवाधरनं उपटतीस?"

मालन दचकली नाही. हातातलं रोप तसंच धरून बसून राहिली.

"मागल्या साली थोडीच आलती," ती म्हणाली. "यंदा लई आली. उपटून सरत न्हाई."

"गाळ कुठला ह्यो?"

"तुमाला दिसतंय की अक्का."

"तुझ्या तोंडानं सांग."

मालननं सांगितलं. खुरपं मातीत खुपसत, बाहेर काढत, मान वर न करता सांगितलं. आबासाहेबांनी शहादेवच्या हाती निरोप धाडला होता: बायांना एक दिवस तिथनं उठव, त्या काठाच्या गाळानं तुझं सगळं रान भरून देतो. बाकीचा गाळ त्यांच्या उसात गेला. तिथं पाणी हटत नाही, म्हणून मुंडी आली नाही. पैसा द्यायला आले असते तर मालननं तोंडावर फेकला असता. पण तिला माती देऊ केली. लग्न होऊन आल्यापासून तिनं ह्या रानात गुडघ्याच्या वर गेलेली ज्वारी पाहिली नव्हती. लेक विचारायची, आये, आपल्याच रानात दगड कावून हायेत? त्या काठाचा गाळ कसा होता हे नऊ जणींत तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? दर साली मुंडी खुडताना ती हातात घेऊन चोळून बघायची. लोण्यासारखा होता तो.

"आन् मला वाटलं, मुंडी काय, पाण्यामागं येती," मालन म्हणाली. "समद्याच म्हणत होतो आपुन. गाळ गेला तरी पाणी येईल, पाण्यामागं मुंडी येईल. कुणाचं काई जाणार न्हाई. खोटं सांगत न्हाई मी."

ती खोटं सांगत नव्हती हे वच्छलाबाईला कळत होतं. उलट खोटं सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. जे सगळ्यांनी मिळून खरं मानलं होतं त्याच्याच जोरावर हिनं सगळ्यांचा केसानं गळा कापला होता. आणि वर ढसाढसा रडली होती. आणि रोज दोन वेळा येऊन डोळ्यात औषध घालत होती. ते थेंब आठवले आणि वच्छलाबाई बांधावर एक पाऊल मागं सरली.

"बायनानं वाट दिली कशी मग? ती उठणारी बाई न्हवं."

मालननं हातातलं रोप पोत्यात कोंबलं.

"मी उठवलं तिला. म्हणलं, चकलांब्याहून अक्काचा निरोप आलाय. मशीन येऊ दे, अडवू नको."

"माझा निरोप?"

"तुमचं नाव घेतल्याबिगर ती उठली नसती."

वच्छलाबाई बांधावर बसली. ऊन वर आलं होतं आणि डोळ्यातून पाणी गळत होतं. ते उन्हानं की कशानं हे तिला कळत नव्हतं आणि तिनं ते पुसलंही नाही. मालन उठून जवळ आली. तिनं चष्मा उचलून वच्छलाबाईच्या हातात दिला आणि मग बोलायला लागली, आधी अडखळत आणि मग भराभर. एवढी मुंडी आहे, ही सगळी संस्थेची समजा. आता उपटत नाही, राखते. गोंडे धरले की नऊच्या नऊ जणी इथं खुडायला या. रविवारी बैठकीत सांगू, की माळाला आपोआप उगवली, देवानं दिली. व्यापाऱ्याला माल गेला की संस्था मोडायचं नाव कुणी काढणार नाही. पुढं बी धरू, काठाला पुन्हा टाकू. शहादेवला ती बघून घेईल.

"फकस्त बायनाचं काढू नका अक्का," ती म्हणाली. "ते निघालं तर मला ह्या गावात तोंड दाखवाया जागा न्हाई."

खरं सांगायचं तर वच्छलाबाई डगमगली. नऊ घरांच्या चुली डोळ्यांपुढं आल्या. मालन बोलत होती त्यात गैर काय होतं? संस्था वाचत होती, मुंडी वाचत होती, कोयता टळत होता. किंमत एवढीच होती, की भिंतीपलीकडची एक बाई चोर ठरली होती ती तशीच चोर राहणार. तिची दोन वर्षं गेली होती, आणखी काही जातील. तिला सवय झालेली असेल, असंही वच्छलाबाईच्या मनात येऊन गेलं, आणि असं आपल्या मनात आलं म्हणून तिला स्वतःचीच शिसारी आली.

"ते पोतं बांध," ती म्हणाली.

मालनच्या चेहऱ्यावर जीव आला. तिनं लगबगीनं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं. वच्छलाबाई ते उचलायला वाकली तशी मालननं तिचा दंड धरला.

"वाकू नका. डोक्यावर तर घेऊच नका, डोळ्याला ताण येईल. मी आणते घरी."

वच्छलाबाईनं दंड सोडवून घेतला, पोतं कमरेवर घेतलं आणि चालायला लागली. मालन बांधापर्यंत मागं आली. संध्याकाळी थेंब घालायला येते, असं तिनं मागून सांगितलं. वच्छलाबाईनं येऊ नको म्हणून सांगितलं आणि वळून पाहिलं नाही.

बायनाबाई अंगणात तुरी पाखडत होती. सिदू ट्रॅक्टर घेऊन गेला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. वच्छलाबाई फाटकाच्या आत आली, तशी बायनाचं सूप थांबलं आणि लगेच पुन्हा चालायला लागलं. ये म्हणाली नाही, का आलीस म्हणाली नाही. वच्छलाबाईनं पोतं खाली ठेवलं आणि सुतळी सोडली. बायनानं पोत्यात नजर टाकली.

"कुठली?" दोन वर्षांतला तिचा हा पहिला शब्द.

"मालनच्या रानातली."

वच्छलाबाई उभ्या उभ्या सांगायला लागली. काठाचा गाळ कुणाच्या रानात गेला, कशाच्या बदल्यात गेला, मालन कशी रडली होती आणि कशी चोरून मुंडी उपटत होती. रविवारी मी समद्यांसमोर हे मांडणार, ती म्हणाली. मालनला समोर उभी करणार. संस्था मोडली तर मोडू दे. बायना तुरी पाखडतच होती. फोलपाट उडून वच्छलाबाईच्या पायांवर पडत होतं. माझं नाव घेऊन तुला उठवलं, मी कसला निरोप धाडलाच नव्हता, एवढं वच्छलाबाईच्या तोंडून निघालं आणि सूप जागच्या जागी थांबलं.

"निरोप तुझा न्हवता?"

"न्हवता."

बायनानं सूप मांडीवर ठेवलं. ती वच्छलाबाईकडं बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडं बघत होती, दोघींच्या घरांमधल्या.

"मला वाटलं, तुझाच," ती म्हणाली. "वाटलं, आबासाहेबानं तुझ्यावर दाब आणला असंल, म्हणून तू निरोप धाडलास. आन् बाया भडकल्या तशी समदं माझ्या गळ्यात टाकून मोकळी झालीस. दोन वर्सं मी ह्येच धरून हाय."

आपण जिला चोर समजत होतो ती आपल्याला चोर समजत होती, आणि तरी बाहेर एका शब्दानं बोलली नव्हती. पोरगा ट्रॅक्टर हाकतो म्हणून गावभर नाव खराब झालं, पाणवठ्यावर बायका बाजूला सरल्या, ते सगळं तिनं गिळलं होतं. आपल्याला वाचवायला गिळलं होतं की काय? हा विचार वच्छलाबाईला सहन होईना.

"मग बोलली कावून न्हाईस तू?" तिचा आवाज चढला. "भर बैठकीत एकदा म्हणायचं व्हतं, की निरोप आलता म्हणून. तिथल्या तिथं निवाडा झाला असता."

"तू इचारलंस कुठं मला?" बायना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी समोर बसलेते. तू मालनला इचारलंस, त्या दिशी तिथं कोण व्हतं म्हणून. माझ्याकडं नजर बी टाकली न्हाईस. मला वाटलं, आपुनच निरोप धाडला, म्हणून हिला माझ्याकडं बघायची लाज वाटतीय."

अंगणात कोंबड्या तुरीच्या दाण्यांवर आल्या होत्या. कुणी त्यांना हाकललं नाही. वच्छलाबाईला ती बैठक आठवत होती, मालनचं रडणं आठवत होतं, स्वतःचे शब्द तर एकेक आठवत होते. बायनाचा त्या दिवशीचा चेहरा तेवढा काही केल्या आठवेना. ती खाली बसली, बायनाच्या समोर, पोत्याच्या अलीकडं. चष्मा काढून तिनं मांडीवर ठेवला.

"आता इचारते," ती म्हणाली. "सांग बायना. काय झालतं त्या दिशी?"

बायनानं तिच्याकडं पाहिलं. चांगलं सावकाश पाहिलं. त्या नजरेत राग असता तर वच्छलाबाईला तो हवा होता.

"आता काय इचारतीस," बायना म्हणाली. "आता तुला ठावं हाय."

आणि तिनं कोंबड्यांना हाकललं, सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला सुरुवात केली.